लाल, मुनिया आणि पारधी

आमच्या लहानपणी चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाजवळ एक पक्षीवाला बसे. एका पावसाळ्यात आईने त्याच्याकडून लाल पक्ष्यांची जोडी घेतली. चिमणीपेक्षा लहान, नर माणकासारखा लाल, अंगावर पांढरे ठिपके, गाणे अगदी बारीक. दिवाळीनंतर तो तपकिरी होऊ लागला. रंग लावून विकला, असे म्हणत वडील पक्षीवाल्याशी भांडून आले.

ही गोष्ट परवा आपल्या वसतिगृहात सांगितली, तर सातवीतला एक पारधी मुलगा हसला. "फसवलं नाही, बाई. घरट्याचे दिवस सरले की नराचा रंग जातो. पावसाळ्यात परत येतो." हे त्याला आजोबांनी सांगितलेले. आणि ते खरे आहे.

या पक्ष्याला लाल मुनिया म्हणतात. हिंदीत नर तो लाल आणि मादी ती मुनिया. लाल म्हणजे रंग, फारसीतून आलेला लाल म्हणजे माणिक, आणि आईच्या तोंडी लाल म्हणजे लाडका मुलगा. मुनिया म्हणजे लहानगी मुलगी. इंग्रजांनी मात्र त्याला 'अवदवत' म्हटले. तो अहमदाबादचा अपभ्रंश, कारण तिथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. 1758 साली लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातले 'अमांडवा' तेच. घर गवताळ माळावर, नाव बाजाराचे!

नाव असे चिकटते. पारध म्हणजे शिकार. फासे लावून पाखरे धरणारे ते फासेपारधी. एका कौशल्याचे हे नाव. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात याच नावावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा 1952 साली देशभर रद्द झाला, तरी या मुलाला आजही वर्गात काही हरवले की आधी त्याचेच दप्तर तपासलेले दिसते. पाखरे धरणे-विकणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद झाले. ते योग्यच, पण आजोबांची रोजी गेली आणि बदल्यात काही मिळाले नाही.

आता तेच नाव कागदावर सिद्ध करायचे आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही, आणि दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पालांत राहून गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाकडे तो कुठून असणार? आपले कार्यकर्ते जुन्या शाळांची रजिस्टरे आणि गावांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळत आहेत. आजोबांना आपल्या जन्माचा माळ आठवतो, ओढ्याकाठची बाभळही आठवते. गावाचे नाव मात्र ते एक सांगतात आणि त्यांची बहीण दुसरेच. दोन्ही गावांना जाऊन यायचे ठरले आहे.