सहाशे घोड्यांचा गिअरबॉक्स

अमेरिकेतल्या मोटारवेडावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इंजिनं असणार. माझ्याही होती. पण मिशिगनमध्ये, इप्सिलँटीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडलेला पाहिला आणि इंजिनाचं कौतुक मागे पडलं. ६०० एचपीचं इंजिन इथे पैसे मोजले की खोक्यात बसून घरपोच येतं. ती ताकद रोज, सिग्नलला थांबत-निघत, काही न मोडता मागच्या चाकांपर्यंत न्यायची कशी, यावर मात्र माणसं रात्री जागवतात. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला आराम; इथे तो ताकदीचा मामला आहे.

इतिहास थोडक्यात. इप्सिलँटीलगतच्या विलो रनमध्ये दुसऱ्या महायुद्धात फोर्ड बी-२४ बॉम्बर बांधत असे. ऑगस्ट १९५३मध्ये जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा लिव्होनियातला कारखाना आगीत खाक झाला आणि कंपनीने विलो रन गाठलं. २०१०मध्ये तोही कारखाना बंद झाला. मधल्या काळात, १९६४ साली, टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला. तीनच गिअर, पण रोल्स-रॉइस आणि जॅग्वारने तो स्वतःच्या गाड्यांत घेतला. फेरारी ४००मध्येही हाच.

वर्कशॉपच्या टेबलावर उघडलेला होता तो हाच बॉक्स. टेबलापाशी उभा असलेला कारागीर सत्तरीकडे झुकलेला. त्याने ड्रममधून एक पोलादी कडं काढून माझ्या हातात ठेवलं. हा स्प्रॅग. दोन कड्यांच्या मधे, दाराखाली सारलेल्या पाचरीसारखे, तिरके उभे असलेले छोटे पोलादी तुकडे. कडं एका दिशेने फिरवलं तर मुकाट फिरतं. उलट फिरवू पाहिलं की तुकडे उभे होऊन अडकतात आणि मग मनगट दुखेपर्यंत जोर लावा, हलत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा सगळा जोर या अडकण्यावर पेलला जातो. तिसरा पडला की तोच ड्रम सुलट फिरू लागतो आणि स्प्रॅग आपोआप सुटतो. एक सोडायचं, दुसरं पकडायचं, याची वेळ जुळवायची कटकटच नाही. पुढे काही बॉक्समध्ये याच जागी रोलर आले. जास्त ताकदीचा बॉक्स बांधणारे ते काढून ३४ तुकड्यांचा स्प्रॅग बसवतात. मी ते कडं बराच वेळ फिरवत बसलो. शेवटी म्हाताऱ्याने हात पुढे करून परत मागितलं.

गिऱ्हाईक आलं की तो एचपी विचारत नाही. गाडीचं वजन किती, टायर कुठले, हायवेवर किती चालणार, हे विचारतो. त्यामागे साधा हिशोब आहे. गाडी जागची हलताना इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करतो, वर पहिला गिअर २.४८चा. इंजिनाचे ७०० न्यूटन-मीटर बॉक्सच्या मागच्या शाफ्टवर साडेतीन हजारांच्या घरात जातात. टायर घसरला तर त्यातला बराच मार हवेत जातो. चिकट टायर आणि जड गाडी असेल तर सगळा बॉक्सवर. म्हणून हलक्या गाडीत वर्षानुवर्षं टिकलेला बॉक्स जड गाडीत महिन्यात मान टाकतो.

मग टर्बो ४०० घ्यावा आणि मोकळं व्हावं? त्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा वरचा गिअर, नाही. मागच्या ॲक्सलमध्ये ३.७३चा गिअर आणि २८ इंची टायर असतील तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २,८०० फेऱ्यांवर ओरडत राहतं. जनरल मोटर्सच्याच ७००आर४ या बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह आहे, पण त्याची थ्रॉटलची केबल जरा चुकीची लागली की तेलाचा दाब पडतो आणि क्लच प्लेटा जळतात. उरतो ४एल८०ई. १९९१चा, टर्बो ४००चाच वंशज, वर ०.७५चा चौथा गिअर आणि लॉक होणारा कन्व्हर्टर. त्याच वेगाला २,१०० फेऱ्या.

इथून पुढे डोकेदुखी सुरू होते. ४एल८०ई लांबीला जास्त, म्हणून खालचा क्रॉसमेंबर हलवा, प्रोपेलर शाफ्ट कापून घ्या, जुन्या गाडीत फ्लोअरचा बोगदाही ठोकून रुंद करा. त्याला कॉम्प्युटर लागतो आणि तो ट्यून करणारा माणूसही. टर्बो ४००ला कॉम्प्युटर नको, पण त्याला इंजिनाचा जोर व्हॅक्यूमवरून कळतो. मोठा कॅम टाकलेल्या इंजिनाला आयडलवर व्हॅक्यूमच पुरेसा नसतो, मग गिअर उशिरा आणि दणका देत पडतात. कन्व्हर्टर जास्त स्टॉलचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या जास्त वाढल्यावरच जोर पकडणारा, घेतला तर सुटताना गाडी झेपावते आणि गर्दीत रांगताना तेल तापवत बसते. आणि बॉक्स मोडून मरतात त्यापेक्षा तापून जास्त मरतात. तेल ८० अंशांच्या आसपास राहिलं तर बरं. त्यावर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. त्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात ठेवलेल्या जळक्या प्लेटांचा वास दारातूनच येतो. त्या ज्या गाड्यांतून निघाल्या त्यांतल्या बहुतेकींना वेगळा कूलरच नव्हता, असं म्हातारा सांगतो.

माझं मत विचाराल तर फक्त शनिवार-रविवार गावातल्या गावात फिरवायच्या गाडीला टर्बो ४००, हायवे असेल तर ४एल८०ई. आणि पैसे कमी पडत असतील तर इंजिनातले शंभर घोडे कमी करा. ऑइल कूलर आणि चांगला कन्व्हर्टर यांत काटकसर करू नका.