‘पत्ता’ नावाचा रकाना

एनएसएसतर्फे आम्ही हैदराबादच्या एका रात्रनिवाऱ्यात ब्लँकेटं घेऊन गेलो होतो. तिथल्या ताई म्हणाल्या, "ब्लँकेटं ठेवा त्या कोपऱ्यात. फॉर्म कुणाला नीट भरता येतो, ते आधी सांगा." बेघर माणसाला छप्पर मिळालं की काम झालं, असं मला वाटायचं. पण पत्ता नसला तर आधार कार्ड अडतं आणि त्यापाठोपाठ बँकखातं, रेशन, पेन्शनही. म्हणून संस्था आधी कागदांच्या मागे लागतात. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. मग उपचार, खातं, काम अशी एकेक पायरी.

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं. बऱ्याच ठिकाणी जागा महापालिकेची असते आणि रोजचा कारभार संस्था बघतात.

माणूस रस्त्यावर येण्याआधीचं काम मात्र सहसा दिसत नाही. आजारपणात भाडं थकलं तर मदत करायची, घरमालकाशी बोलून मुदत मागायची, घरातून निघून आलेल्या मुलाला स्टेशनवरच गाठायचं. घर एकदा सुटलं की परत उभं करणं फार कठीण.

त्या संध्याकाळी मी एका आजींचा फॉर्म भरला. पत्त्याच्या रकान्यात निवाऱ्याचा पत्ता लिहिला. तेवढी एकच ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.