डाखाऊची छळछावणी : पाहिले ते आणि समजले ते



गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही लेकीकडे म्युनिकला गेलो होतो. इंदूरच्या मराठी घरांतली पुष्कळ मुले आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत आहेत आणि त्यांचे आईवडीलही तिकडे जाऊन येतात. महाल, सरोवरे, मोटारींचे संग्रहालय हे सर्व पाहून झाल्यावर एक दिवस आम्ही डाखाऊच्या छळछावणीच्या स्मारकासाठी ठेवला. परत आल्यावर काही पालकांनी विचारले, "सर, सुटीत असले कशाला पाहायचे?" त्याचे उत्तर म्हणून हा लेख. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'यातना शिविर' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक आढळले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इंदूरहून महू जेवढे लांब, साधारण तेवढेच म्युनिकहून डाखाऊ. लोकल गाडीने उतरून पुढे बसने जायचे. छावणी कुठे तरी रानात दडवलेली असेल असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात ती नांदत्या गावाला लागून आहे.

हिटलर 30 जानेवारी 1933 रोजी जर्मनीचा चान्सलर झाला आणि 22 मार्च 1933 रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, ही छावणी सुरू झाली. त्या देशात विद्वान नव्हते असे नाही. आपल्या माणिकबाग महालाचे वास्तुकार एकार्ट म्युथेसियस हे जर्मनच होते आणि तो महाल त्याच सुमारास उभा राहत होता. अशा सुशिक्षित देशात हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिले कैदी होते हिटलरचे राजकीय विरोधक. पुढे ज्यू, रोमा, धर्मगुरू, समलिंगी पुरुष आणि जिंकलेल्या देशांतले लोक आणले गेले. कपड्यांवर शिवलेल्या रंगीत त्रिकोणावरून कोण कोणत्या वर्गातला ते कळे. नाव जाऊन नंबर येई. 12 वर्षांत 2 लाखांहून अधिक माणसे इथे आणि इथल्या उपछावण्यांत कोंडली गेली. त्यांतली किमान 41,500 माणसे उपासमार, रोगराई, मारहाण आणि गोळीबार यांत मेली. 29 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन सैन्याने छावणी मुक्त केली. पोलंडमधल्या ऑशविट्झसारखे सामूहिक हत्येचे केंद्र म्हणून डाखाऊ उभारलेले नव्हते. पण पुढच्या छावण्यांना नमुना मिळाला तो इथूनच.

फेरी सुमारे अडीच तासांची असते. फाटकावर लोखंडी अक्षरांत 'काम माणसाला मुक्त करते' अशा अर्थाचे वाक्य आहे. ते मूळ दार 2014 मध्ये चोरीला गेले होते. 2016 मध्ये ते नॉर्वेत सापडले आणि आता संग्रहालयात ठेवले आहे. आत कैद्यांच्या 34 बराकी होत्या. आज दोन नव्याने बांधून दाखवल्या आहेत, बाकीच्यांच्या जागी फक्त चौथऱ्यांच्या खुणा आहेत.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते हजेरीच्या मैदानावर. सकाळ-संध्याकाळ सर्व कैद्यांना इथे रांगेत उभे करीत. संख्या जुळली नाही तर ऊन, पाऊस, बर्फ काहीही असो, तासन् तास उभे ठेवीत. रात्री मेलेल्यांनाही मोजणीसाठी आणावे लागे. आमची सारी नोकरी मैदानावर रांगा लावण्यात आणि हजेरीपट तपासण्यात गेली. सरळ रांग दिसली की आम्हाला बरे वाटते. तिथे पहिल्यांदाच सरळ रांगेची भीती वाटली.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत 'माझा आदर्श नेता' या विषयावर निबंधस्पर्धा झाली. एका मुलाने हिटलरवर लिहिले. शिस्त, देशप्रेम, धाक असे सगळे मुद्दे होते, अक्षर मोत्यासारखे होते. परीक्षक आम्हीच होतो. आम्ही त्याला दुसरा क्रमांक दिला आणि समारंभात टाळ्याही वाजवल्या. त्या मुलाचा दोष नाही. फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र मिळते आणि घरी-दारी 'आपल्याला असाच माणूस पाहिजे' असे मोठी माणसे बोलतात. त्याने ऐकले तेच लिहिले. त्याला जवळ बसवून "बाळ, ही शिस्त कोणासाठी होती?" एवढे विचारायचे काम आमचे होते. ते आम्ही केले नाही.

1938 मध्ये जर्मनीतल्या सरकारी शाळांतून ज्यू मुलांना काढून टाकले. त्याआधी पाच वर्षे त्यांना वर्गात वेगळे पाडले जात होते. छावणीचे फाटक शेवटी येते. सुरुवात वर्गातल्या चिडवण्यापासून, कोणाच्या तरी शेजारी न बसण्यापासून होते. आपल्याही वर्गांत जातीवरून, धर्मावरून, रंगावरून नावे ठेवली जातात, हे आपण सर्व जाणतो.

फेरीच्या शेवटी दाहगृहाजवळ चार स्त्रियांच्या नावांची एक पाटी आहे. त्यात नूर इनायत खान हे नाव वाचून आम्ही चमकलो. नूरचे वडील इनायत खान मूळचे बडोद्याचे. पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1886 मध्ये बडोद्यात संगीतशाळा चालू केली होती. नूरचा जन्म 1914 चा. तिने जातककथा मुलांसाठी इंग्रजीत लिहिल्या आणि ते पुस्तक 1939 मध्ये निघाले. पुढे ती बिनतारी यंत्र चालवण्यासाठी ब्रिटिशांकडून व्याप्त फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊमध्ये गोळी घालून मारली गेली. 1949 मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. मुलांसाठी गोष्टी लिहिणारी, तिशीची बाई. त्या पाटीसमोर आम्ही हात जोडले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. स्मारकात प्रवेशाला पैसे नाहीत, मार्गदर्शकाच्या फेरीला मात्र तिकीट आहे. ही फेरी 13 वर्षांवरील मुलांसाठी योग्य मानतात, लहानांना नेऊ नये. आवाज हळू ठेवावा. फाटकासमोर हसत फोटो काढू नयेत. आम्ही काढताना पाहिले, त्यात आपलेही लोक होते, म्हणून लिहिले.

संयुक्त राष्ट्रांनी 27 जानेवारी हा या बळींच्या स्मरणाचा दिवस ठरवला आहे. आपल्या प्रजासत्ताक दिनाचा तो दुसरा दिवस. त्या दिवशी नववी-दहावीला एक तास या विषयासाठी द्यावा, अशी विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे. भाषण नको. नूरची गोष्ट सांगावी आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. त्या तासाला पहिला निबंध आम्ही वाचणार आहोत, तोच, दुसरा क्रमांक दिलेला. आपण कुठे चुकलो ते मुलांना आमच्या तोंडून कळलेले बरे.

पालकांनीही घरी एकदा विचारावे : वर्गात कोणाच्या शेजारी कोणी बसत नाही का? उत्तर मिळाले तर आम्हाला येऊन सांगावे. ऑफिसचे दार उघडे आहे.