चव ठरते ती लाकडी पेटीत

कोकोच्या ताज्या बीला चॉकलेटचा वास नसतो. कडू, तुरट, आतून जांभळट अशी ती बी, भोवती आंबटगोड पांढरा गर. नुसती वाळवून भाजली तरी तिच्यातून चॉकलेट निघत नाही. त्या चवीचा पाया बी आंबवताना, बागेलगतच घातला जातो. म्हणूनच ग्रेनाडात जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं.

झेंड्यावर जायफळ मिरवणारं हे छोटं कॅरिबियन बेट. इथला कोको परदेशी जायचा आणि चॉकलेट तिकडे बनायचं. १९९९ साली मॉट ग्रीन, एडमंड ब्राउन आणि डग ब्राउन यांनी 'ग्रेनाडा चॉकलेट कंपनी' काढली. कारखाना कोकोच्या मुलखातच, तोही सौरऊर्जेचा आधार घेणारा.

फळं फोडून गरासकट बिया लाकडी पेट्यांत भरतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. गर पाझरून गेला की हवा आत शिरते आणि जिवाणू त्या अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, बनवतात. या क्रियेतून निघणाऱ्या उष्णतेने ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. बीचा अंकुर मरतो, पेशींचे पडदे फाटतात आणि आजवर वेगळ्या कप्प्यांत असलेली विकरं प्रथिनांपर्यंत पोचतात. प्रथिनांचे बारीक तुकडे पडतात, साखरेचे साधे रेणू सुटे होतात. पुढे भाजताना या दोघांच्या अभिक्रियेतून चॉकलेटचा गंध तयार होतो. आंबवणं लवकर उरकलं तर तुरटपणा राहतो; फार लांबलं तर कुजकट वास धरतो, मग कितीही निगुतीने भाजा, तो पुरता जात नाही.

दूरदेशीच्या कारखान्याला आंबवण्यातली ही चूक पोतं उघडल्यावरच कळते. मोठे उत्पादक ठिकठिकाणच्या बिया मिसळून चव सारखी करून घेतात. एकाच जागच्या बियांवर काम करणाऱ्याला ती सोय नाही. पण कारखाना पेटीजवळ असला, तर या खेपेचं चॉकलेट चाखून पुढच्या खेपेचा ढीग कधी उलथायचा हे ठरवता येतं.

अडचण आहे ती उष्म्याची. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे. चकाकी आणि खटकन तुटणं देणारा पाचवा प्रकार साधारण ३४ अंशांना वितळतो. त्यामुळे उष्ण देशात वड्या पाडण्यापासून त्या जहाजावर चढेपर्यंत गारवा लागतो, म्हणजे वीज लागते. २०१३ साली वाहतुकीत चॉकलेट थंड ठेवणाऱ्या सौर यंत्रणेवर काम करतानाच ग्रीन यांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. कंपनी त्यांच्यामागेही चालू राहिली. गारव्याची ही गरज एकट्या ग्रेनाडाची नाही. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. तिथल्या छोट्या कारखानदारांनाही हाच गारवा परवडणाऱ्या दरात हवा आहे.