संगणकातला पाट कोणी वळवला?



मृग तोंडावर आला की आमच्या कचेरीत बियाणे, खते आणि बीजप्रक्रिया यांखेरीज दुसरा विषय निघत नाही. पण यंदा शेगाव तालुक्यातील एक शेतकरी भाऊ निराळीच तक्रार घेऊन आले. सोबत त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी होती.

"साहेब, घरचा कॉम्प्युटर येडा झाला," भाऊ म्हणाले. "पोरगी सातबारा शोधते, अन् थो भलतंच दुकान उघडून बसते."

मुलगी म्हणाली, "काका, मी बरोबर लिहिते, तरी पान दुसरंच येतं. काल तर लाल अक्षरात आलं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, ताबडतोब या नंबरवर फोन करा. बाबांनी फोन लावला ना!"

पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले, म्हणजे त्याला तिकडे बसून या घरचा संगणक चालवता आला असता. मग म्हणाला, बँकेचे खाते उघडून पाहा, पैसे सुरक्षित आहेत ना. तेवढ्यात वीज गेली. तुरीचे पैसे त्याच खात्यात होते. बियाणे आणि खत त्यातूनच घ्यायचे होते. विजेने दगा दिला म्हणून पेरणी वाचली, असे मी नोकरीत प्रथमच ऐकले.

मी काही संगणकाचा इंजिनिअर नव्हे. बी.एस्सी. कृषी झालेला विस्तार अधिकारी आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी माझ्याही घरी हाच प्रकार घडला. शेतावरील सौर पंपासाठी अर्ज करायचा होता. संगणकाने आम्हांला भलत्याच पानावर नेले आणि तेथे 'नोंदणी शुल्क' म्हणून आम्ही ५,६०० रुपये भरले. पावती आली, पंप आला नाही. खात्रीचे बियाणे पक्क्या बिलासह घ्या असे गावोगाव सांगत फिरणारा मी, स्वतः मात्र फसलो. त्यानंतर एका जाणत्या मुलाजवळ बसून जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

रोग काय आहे?

विहिरीवर मोटर आपण सुरू करावी आणि रात्री कोणी पाटाचा बांध फोडून पाणी आपल्या वावरात वळवून न्यावे, तसा हा प्रकार आहे. आपण सातबाऱ्याचे पान मागतो आणि वाटेतच कोणी आपल्याला दुसरीकडे वळवतो. वळवणाऱ्याला प्रत्येक भेटीमागे जाहिरातीचे पैसे मिळतात. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला खोट्या पानावर नेऊन पासवर्ड आणि बँकेची माहितीही काढून घेता येते.

हा बांध दोन ठिकाणी फुटू शकतो. पहिले ठिकाण ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा एज यांसारखा, ज्यातून आपण इंटरनेट पाहतो तो प्रोग्राम. दुसरे ठिकाण थोडे खोल आहे. आपण 'विहिरीचं वावर' म्हणतो, पण सरकारदप्तरी त्याला गट क्रमांक असतो. तसेच प्रत्येक संकेतस्थळाला एक आकडी क्रमांक असतो. आपण नाव लिहिले की तो क्रमांक शोधून देणारी एक वही असते. तिला 'डीएनएस' म्हणतात. चोराने ही वहीच बदलली, तर नाव बरोबर लिहूनही आपण दुसऱ्याच्या वावरात जाऊन उभे राहतो.

चोर सापडला, पाट वळलेलाच राहिला

ही वही बदलणारी एक मोठी टोळी जगात होऊन गेली. 'डीएनएस-चेंजर' नावाच्या तिच्या घातक प्रोग्रामने शंभरावर देशांतील सुमारे ४० लाख संगणक बाधित केले. एस्टोनिया देशात बसून ही मंडळी लोकांना खोट्या जाहिरातींकडे वळवीत आणि त्यांनी निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले, असे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियाचे सहा जण पकडले गेले.

आता पुढचे नीट ध्यानात घ्या. चोर पकडले तरी लाखो संगणक चोराचीच वही वाचत होते. ती एकदम बंद केली असती, तर त्या सर्वांचे इंटरनेट बंद पडले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने तिच्या जागी काही काळ चांगली वही ठेवण्यात आली. ९ जुलै २०१२ रोजी तीही बंद झाली. आठ महिने सांगूनही त्या दिवशी दोन लाखांवर संगणक दुरुस्त व्हायचे राहिलेच होते. चोर तुरुंगात गेल्याने आपला बांध आपोआप सांधला जात नाही. तो आपल्यालाच बांधावा लागतो.

वाट वळवण्याचे हे तंत्र मोठ्या संस्थांनाही भोवले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमवरून येणारी पैशांची मागणी बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता चोरांच्या बनावट यंत्रणेकडे वळत होती आणि तीच 'द्या' म्हणून होकार देत होती. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले आणि सारे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

लक्षणे ओळखा

शोध एका ठिकाणी घेता आणि पान दुसरेच उघडते. ब्राउझर उघडताच पहिले पान अनोळखी येते. कोपऱ्यातून सारख्या जाहिराती डोकावतात. 'व्हायरस आहे, फोन करा' असे लाल पान येते. बँकेचे किंवा सरकारी पान उघडताना 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. शेवटच्या दोन लक्षणांत तेथेच थांबावे. फोन करू नये, पुढे जाऊ नये.

रोग कोठे आहे हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. घरच्या वायफायवर मोबाईल जोडून पाहावा. संगणक भरकटतो आणि मोबाईल नीट चालतो, तर रोग बहुधा संगणकात आहे. दोन्ही भरकटत असतील, तर वायफायच्या डब्यावर, म्हणजे राऊटरवर, संशय घ्यावा.

मुळासकट उपटा

लव्हाळा वरून खुरपला तर आठ दिवसांत पुन्हा उगवतो, कारण गाठ जमिनीत राहते. येथेही तसेच आहे. म्हणून पुढील कामे याच क्रमाने करावीत. विंडोजचा संगणक धरून सांगतो.

१. साफसफाई संपेपर्यंत त्या संगणकावर बँकेचे कोणतेही काम करू नये. फोटो आणि कागदपत्रे पेनड्राईव्हवर काढून ठेवावीत, मात्र प्रोग्राम घेऊ नयेत.

२. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स' उघडून यादी तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्राम काढून टाकावेत. कोणी फोनवरून उतरवायला लावलेले अ‍ॅप सर्वांत आधी काढावे.

३. ब्राउझरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून 'एक्स्टेन्शन्स' पाहावीत. ही ब्राउझरला चिकटवलेली जोडकामे असतात. जे आपण मुद्दाम घेतलेले नाही, ते काढावे. सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स' येथे अनोळखी संकेतस्थळांना दिलेली परवानगीही रद्द करावी. कोपऱ्यातून येणाऱ्या पुष्कळशा जाहिराती एवढ्याने थांबतात.

४. विंडोजसोबतच 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस मोफत येतो. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन 'स्कॅन ऑप्शन्स'मधील 'ऑफलाइन स्कॅन' चालवावा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी होते. लपून बसलेली कीड अशा वेळी सापडते. दुसरे मत हवे असल्यास केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' आहे. ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या संकेतस्थळावर साफसफाईची साधने मोफत मिळतात. त्यातील एक साधन पुण्याच्या क्विक हील कंपनीचे आहे. कैलास आणि संजय काटकर या मराठी भावंडांनी ती उभी केली.

५. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'रिसेट' वापरून सारे मूळपदावर आणावे. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि खुणेची पाने याने जात नाहीत. हे काम स्कॅननंतरच करावे. घातक प्रोग्राम जिवंत असेल, तर तो सेटिंग पुन्हा बदलून टाकतो.

६. शेवटी वाटा तपासाव्यात. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' खाली 'प्रॉक्सी' आहे. आपण स्वतः लावली नसेल तर ती बंद करावी. तेथेच आपल्या जोडणीचे 'डीएनएस' आपोआप मिळण्यावर, म्हणजे 'ऑटोमॅटिक'वर, ठेवावे. 'होस्ट्स' नावाची एक फाईलही असते. तिच्यात बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळाचे नाव आणि त्यापुढे क्रमांक दिसला, तर जाणत्या माणसाकडून ती ओळ काढून घ्यावी.

चार दिवसांनी पुन्हा

त्या भाऊंच्या घरी आम्ही रविवारी बसून हे सारे केले. मुलीनेच हात चालवला, मी वाचून दाखवीत होतो. फुकट मराठी टायपिंगचा म्हणून कोठूनसा घेतलेला एक प्रोग्राम सापडला. सारे सुरळीत झाले. चहा झाला आणि मी घरी आलो.

गुरुवारी मुलीचा फोन आला. "काका, पुन्हा तसंच होतंय. आता आईच्या मोबाईलवर पण."

मोबाईलवरही, हे ऐकताच उलगडा झाला. गाठ राऊटरमध्ये राहिली होती. कारखान्यातून येताना राऊटरला एक ठरावीक नाव आणि पासवर्ड असतो. तो आपण बदलत नाही आणि चोराला तो ठाऊक असतो. डीएनएस-चेंजरही संगणकात शिरल्यावर असेच ठरावीक पासवर्ड वापरून राऊटरमधली वही बदलून टाकी.

अशा वेळी आधी इंटरनेट देणाऱ्याला फोन करून आपल्या जोडणीचे नाव आणि पासवर्ड लिहून घ्यावे. मग राऊटरच्या मागील बारीक छिद्रातील 'रिसेट' बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरावे. राऊटर कोरा होतो. त्यानंतर जोडणी पुन्हा भरून घ्यावी, व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलावा, वायफायचा पासवर्डही बदलावा आणि राऊटरचे नवे सॉफ्टवेअर आले असल्यास घ्यावे. जमत नसेल तर माणूस बोलवावा, मात्र नवा पासवर्ड आपण स्वतः टाकावा. हे केल्यावर भाऊंच्या घरचा त्रास थांबला, तो आजवर उलटला नाही.

साफसफाईनंतर

आधीचे पासवर्ड चोराकडे गेले असे धरूनच चालावे. स्वच्छ संगणकावरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा. गेल्या महिन्याचे खाते ओळ न् ओळ वाचावे. पैसे गेले असल्यास लाजू नये आणि थांबूही नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. मी लाजेने तीन दिवस घालवले. ते ५,६०० रुपये परत मिळाले नाहीत.

रोगापेक्षा प्रतिबंध बरा

गाजरगवत या देशात बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आले असे मानतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसले आणि आज एकही बांध त्याने सोडलेला नाही. फुकटच्या प्रोग्रामबरोबर असेच बी येते. म्हणून प्रोग्राम ज्याचा असेल त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या नावाने आलेली 'एपीके' फाईल मोबाईलमध्ये कधीही उतरवू नये. विंडोजची दुरुस्ती वेळोवेळी घेत जावी.

योजनेचे पान शोधून काढण्यापेक्षा त्याचा पत्ता स्वतः लिहावा. सातबारा, महाडीबीटी, पीएम किसान, पीक विमा या सर्वांच्या पत्त्यातील नाव 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांवर संपते. ती अक्षरे नुसती मध्ये कोठे तरी असून चालत नाहीत. पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी ती असली पाहिजेत. पीएम-कुसुम सौर पंपाच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्रीय मंत्रालयाने २०१९ पासून वेळोवेळी जाहीर इशारे दिले आहेत. त्यातला एक जरी मी वाचला असता, तरी माझे पैसे वाचले असते.

बंधूंनो, आज घरातील लिहिणारी-वाचणारी मुले-मुली आपल्या शेताचे अर्ज भरतात. त्यांना संगणक बिघडवला म्हणून रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाहीत, आणि न सांगितलेला रोग पसरतो. त्या मुलीने बापाला आणि मला वेळेवर सांगितले. भाऊंची सोयाबीन पेरून झाली, ती त्यामुळेच.

येत्या रविवारी पाऊस असेल आणि वावरात जाता येणार नसेल, तर मुलांना जवळ बसवा आणि घरचा संगणक नि राऊटर एकदा तपासून घ्या.