बर्फावर चालणारी मोटार

भुसभुशीत वाळूत बैलगाडीचे चाक रुतते, परंतु त्याच वाळूतून उंट सहज चालत जातो. उंट भरल्या गाडीपेक्षा हलका असतो, एवढेच याचे कारण नव्हे. त्याचा तळवा रुंद असून जमिनीवर टेकताच तो पसरतो. त्यामुळे अंगाचे वजन अधिक क्षेत्रफळावर विभागले जाते. बर्फावरून मोटार चालविण्याचा प्रश्न आइसलँडमधील कारागिरांनी याच तत्त्वाच्या आधारे सोडविला. मात्र त्यासाठी त्यांना मोटारीचा पत्रा कापावा लागला. तो का कापावा लागतो व कसा कापतात, हे आपण येथे पाहू.

दाबाचा हिशेब

आइसलँडचा सुमारे एक-दशांश भूभाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. हिवाळ्यात अंतर्भागातील वाटा बर्फाखाली जातात. संशोधक, प्रवासी आणि संकटात सापडलेल्यांच्या मदतीस धावणारी स्वयंसेवी बचावपथके यांना तरीही तेथे जावे लागते.

समजा, सामानासह एका मोटारीचे वजन २,४०० किलोग्रॅम आहे. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर चारही चाकांचा मिळून सुमारे १,२०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दोन-अडीच पोस्टकार्डांएवढीच जागा येते. मऊ बर्फ एवढ्या जागेवर ६०० किलोग्रॅम भार पेलू शकत नाही. चाक खाली जाते.

आता हवा सोडून दाब ०.२ किलोग्रॅमपर्यंत उतरविला, तर टायर चपटा होऊन बर्फावर लांबवर पसरतो. टायरच्या बाजूही थोडा भार पेलतात. त्यामुळे टेकलेले क्षेत्र हिशेबाप्रमाणे दहापट होत नाही, परंतु पाच-सहापट वाढले तरी पुरते. मग मोटारीचा बर्फावरील दाब, चालताना एका पायावर भार देणाऱ्या माणसाच्या दाबाजवळ येऊन ठेपतो.

नेहमीच्या टायरची हवा एवढी कमी केली, तर चाकाची लोखंडी धाव जमिनीला भिडेल व टायर चिरडला जाईल. त्यासाठी रुंद व उंच बाजूंचा टायर हवा. साध्या जीपवर्गीय मोटारीच्या टायरचा व्यास सुमारे ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर असतो. आइसलँडमध्ये ३८ इंची, तर अतिखडतर प्रवासासाठी ४४ इंची टायर वापरतात. त्यांचा व्यास अनुक्रमे सुमारे ९६ व ११२ सेंटिमीटर भरतो.

जागेचा प्रश्न

असा टायर मूळच्या मडगार्डाखाली मावत नाही. मोटार उभी असताना तो कदाचित मोकळा दिसेल. परंतु चाक खळग्यातून जाताना वर उचलले जाते आणि वळण घेताना आडवे फिरते. ही दोन्ही कामे एकाच वेळी घडली, की टायरची कड मडगार्डाच्या मागील खालच्या कोपऱ्यावर किंवा पुढील बंपरवर घासते. भर वेगात असे घडल्यास टायर फाटू शकतो, अथवा सुकाणू अडू शकते.

यावर एक सोपा उपाय सुचतो : लांब स्प्रिंगा बसवून मोटारच उंच करावी. परंतु उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो आणि उतारावर मोटार कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे दंड अधिक तिरपे होऊन त्यांचे सांधे लवकर झिजतात. म्हणून जाणते कारागीर मोटार थोडीच उचलतात आणि उरलेली जागा पत्रा कापून मिळवितात. क्वचित चाकाचा आस काही सेंटिमीटर पुढे-मागे सरकविण्यात येतो.

कापण्याची रीत

प्रथम स्प्रिंग काढून जॅकने आस त्याच्या सर्वांत वरच्या मर्यादेपर्यंत उचलतात. मग सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून टायर कोठे लागतो तेथे खडूने खूण करतात. पत्रा थोडा कापावयाचा, पुन्हा चाक फिरवून पाहावयाचे, आणि गरज असेल तरच आणखी कापावयाचे, हा नियम आहे. कापलेला पत्रा परत लांब करता येत नाही.

ज्या मोटारीचा सांगाडा स्वतंत्र असतो, तिचे पुढील मडगार्ड प्रायः आच्छादनाचेच काम करते. ते कापल्याने मोटारीचे बळ फारसे घटत नाही. मागील कमानीची गोष्ट वेगळी आहे. तेथे आतला व बाहेरचा असे दोन पत्रे कडेशी जोडलेले असतात आणि त्यांच्या जोडातूनच त्या भागास ताठपणा येतो. तो जोड कापला, तर दोन्ही कडा वाकवून पुन्हा वेल्डिंगने सांधाव्या लागतात. अन्यथा ताठपणा जातो, आणि फटीतून पाणी व धूळ आत शिरते. स्वतंत्र सांगाडा नसलेल्या मोटारींत तर पत्राच भार वाहतो. तेथे कापणे फारच जोखमीचे. सांगाडा, दाराचे खांब, ब्रेकच्या नळ्या व विजेच्या तारा यांना हात लावावयाचा नसतो. उघड्या कडांना गंजरोधक रंग देऊन शेवटी रुंद मडगार्ड बसवितात, म्हणजे बाहेर आलेल्या टायरचे दगड-चिखल इतरांवर उडत नाहीत.

दक्षिण ध्रुवापर्यंत

अशाच वाहनांचा एक प्रवास भारतीय विज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचे पथक २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ‘मैत्री’ केंद्रावरून निघाले आणि २२ नोव्हेंबर रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे २,१०० किलोमीटर आहे. आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने रूपांतरित केलेल्या मोटारींनी हा प्रवास घडविला.

या विद्येचे अनुकरण मात्र कोठेही करावे असे नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे मोटारीच्या मूळ रचनेत हवे तसे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केले. या निर्बंधामागे शास्त्रही आहे. मोटारीचा प्रत्येक पत्रा केवळ शोभेसाठी नसतो. अपघातात आतील माणसांचे रक्षण त्यांपैकी काहींवर अवलंबून असते. कोणता भाग झाकण्यासाठी आहे व कोणता भार वाहण्यासाठी, हे ओळखता आल्यावरच कारागिराने कात्री हाती घ्यावी.