जंतूंना मारणारे विषाणू आणि आपले शरीर



मागच्या पावसाळ्यात पाड्यावरची एक आजी पायाची चिघळलेली जखम घेऊन आमच्या दवाखान्यात आली. दोन वेगवेगळी अँटिबायोटिक औषधे देऊनही पू थांबेना. शेवटी तिला जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागले. हे ऐकून मंडळीतल्या एका बंधूंनी मला विचारले, "सिस्टर, जंतूंना खाणारे विषाणू असतात म्हणे. ते आपल्या लोकांना का देत नाही?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहिते.

या विषाणूंना बॅक्टेरिओफेज म्हणतात. ते माणसाच्या पेशींत वाढत नाहीत. ठरावीक जीवाणूंना चिकटतात, आत आपली संख्या वाढवतात आणि जीवाणू फोडून बाहेर पडतात. १९१७ साली फेलिक्स डेरेल यांनी पॅरिसमध्ये हगवणीच्या रुग्णांचा अभ्यास करताना त्यांना हे नाव दिले. पुढे पटकीवर प्रयोग करण्यासाठी ते भारतातही आले होते. अँटिबायोटिक आल्यावर बहुतेक देशांत हा उपचार मागे पडला, जॉर्जियात मात्र तो चालूच राहिला. आता औषधांना न जुमानणारे जंतू वाढल्यामुळे जगाला पुन्हा त्याची आठवण झाली आहे. २०१६ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे बेशुद्धावस्थेतले एक प्राध्यापक या उपचाराने वाचले.

पण आपले शरीर या पाहुण्यांकडे कसे पाहते? फेज आपल्याला आजारी पाडत नसले, तरी शरीराच्या लेखी ते परकेच. रक्तात सोडलेले फेज यकृत आणि प्लीहा गाळून काढतात. काही आठवड्यांत त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. फुफ्फुसाच्या चिवट संसर्गाने आजारी असलेल्या ८१ वर्षांच्या एका रुग्णाला फेज दिले, तेव्हा पहिल्या महिन्यात जंतू कमी झाले. नंतर अँटिबॉडींनी फेजच निकामी केले आणि गुण थांबला.

याची दुसरी बाजूही आहे. २०१७ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया झालेल्या धडधाकट उंदरांना फेजने वाचवले. ज्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नव्हत्या, ते मात्र मेले. फेजने बरेचसे जंतू मारले, पण त्यांना दाद न देणारे काही उरले. त्या उरलेल्यांना संपवायला शरीराचे स्वतःचे शिपाई लागतात.

मला या प्रयोगाने विचारात पाडले. औषध कितीही नवे असो, अर्धी लढाई शरीरालाच लढायची असते. कुपोषित बाळाच्या शरीरात ते बळ कमी असते. म्हणून तुमच्या मदतीतून पाड्यावर जाणारी डाळ, अंडी आणि शेंगदाणे हीसुद्धा उपचाराचाच भाग आहेत.

फेज आज आमच्या कपाटात नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या जंतूला जुळणारा फेज प्रयोगशाळेत शोधावा लागतो, आणि ती सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे. तोवर हातातली औषधे जपणे आपल्याच हाती आहे. साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि झाकून ठेवा.

आजी आता काठी टेकत का होईना, चालते. मागच्या आठवड्यात आली तेव्हा तिने माझ्या हातात चार करटोली ठेवली. तिच्यासाठी आणि पाड्यावरच्या सर्वांसाठी प्रार्थना करत राहा.